जमीन ७४ लाख, घर ४ लाख

बँकेच्या मूल्यांककाने आमच्या कसबा पेठेतल्या घराचा जो अहवाल दिला, त्यात कामाचे आकडे दोनच होते. जमीन ७४ लाख, इमारत ४ लाख. त्या चार लाखांत सागवानी खांब आले, कडीपाट आला, घडीव दगडाचं जोतं आलं, दिंडीदरवाजा आला, चौकातला आड आला आणि भिंतीच्या पोटातून माडीवर जाणारा तो अंधारा जिनाही आला, जो पाहून नवऱ्याने बाकीचं घर बघायच्या आधीच ‘घेऊया’ म्हणून टाकलं होतं. व्यवहार ठरला होता ९६ लाखांना.

घर बघायला येणारा प्रत्येक जण ‘एकूण पडलं किती?’ हे विचारतोच. पुण्यात या प्रश्नाला ओळख लागत नाही. त्याच्या मागोमाग येतं ते ‘एवढ्यात बाणेरला मस्त थ्री बीएचके आला असता’. आला असता, कबूल. पण जुनं घर घेऊन ते नीट करायचं म्हणणारेही आता दोघे-तिघे भेटलेत आणि त्यांना गोष्टी नकोत, आकडे हवेत. म्हणून एकदाच सगळं मांडून ठेवते. मी भोसरीच्या एका कारखान्यात हिशेब खात्यात आहे, तेव्हा लालित्याची अपेक्षा ठेवू नका.

तर तो मूल्यांकक. पोरगा चांगला होता, बूट दारात काढून आत आला, लेझरच्या यंत्राने खोल्या मोजल्या. ‘मॅडम, बिल्डिंगचं वय?’ मी म्हटलं, शंभरीच्या पुढे. त्याच्या फॉर्मात वयाला दोनच आकडे बसत होते. त्याने ९९ लिहिलं. मग त्याने जे केलं ते कुठलाही मूल्यांकक करील तेच. जमिनीची किंमत वेगळी काढायची, बांधकाम आज नव्याने करायला किती लागेल ते काढायचं, त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा करायचा आणि दोन्हींची बेरीज मारायची. घसारा मला कुणी समजावून सांगायला नको. साठ वर्षं आयुष्य धरलेली इमारत शंभरी ओलांडून उभी असली, तर कागदावर ती केव्हाच पडलेली असते. उरते ती भंगाराची किंमत. आमचं सागवान चार लाखांचं भंगार होतं. कारखान्यात मी स्वतः चालत्या लेथ मशिनीची किंमत एक रुपया दाखवलेली आहे, त्यामुळे त्या पोरावर रागवायला मला तोंडच नव्हतं.

पण परिणाम काय होतो ते बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. ही कमाल मर्यादा आहे, हक्क नव्हे. जुन्या, लाकूड-विटांच्या घराला आमच्या बँकेचं स्वतःचं धोरण ७० टक्क्यांचं. आणि टक्के कशाचे, तर व्यवहाराची रक्कम आणि मूल्यांकन यांत जे कमी असेल त्याचे. ९६ बाजूला राहिले, ७८ धरले गेले आणि हातात मंजुरीपत्र आलं ५४ लाखांचं. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या हिशेबात धरतच नाहीत, ती आपल्या खिशातून.

दुसरा फटका मुदतीचा. बँकेला स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला हवा होता. आमच्या इंजिनिअरने तुळयांना टोच्या मारून, ठोकून, भिंतींना ओळंबा लावून दोन दिवस घर तपासलं आणि ‘दुरुस्तीनंतर किमान १५ वर्षे’ असं लिहिलं. त्याचं खासगीतलं मत ‘नीट ठेवलंत तर तुमची नातवंडं राहतील’ असं होतं, पण सही करून कोण लिहून देणार? बँकेचा नियम असा की कर्ज फिटल्यावरही इमारतीचं पाच वर्षं आयुष्य उरलं पाहिजे. म्हणजे मुदत दहा वर्षं. आमच्या वयाप्रमाणे चौदा मिळाली असती. ९ टक्के व्याजाने ५४ लाखांचा हप्ता चौदा वर्षांना सुमारे ५६,६०० बसतो, दहा वर्षांना ६८,४००. जुन्या घराचा खरा भाव हा आहे. फरक व्याजदरात दिसत नाही, आपल्याला मुदत कमी आणि टक्के कमी. जाहिरातीतला व्याजदर बघून कुणी गणित मांडू नये.

आता घर मुळात ९६ लाखांना का मिळालं, ते. कसब्यात एवढ्या जागेला बिल्डरने याहून बरेच जास्त मोजले असते. पण घर शनिवारवाड्यापासून शंभर मीटरच्या पुढे आणि तीनशेच्या आत येतं. शनिवारवाडा केंद्र सरकारचं संरक्षित स्मारक. कायद्याने अशा स्मारकापासून शंभर मीटरपर्यंत प्रतिबंधित क्षेत्र, नवं बांधकाम नाहीच. त्यापुढचे दोनशे मीटर नियंत्रित क्षेत्र, तिथे बांधकामालाच काय, दुरुस्तीलाही परवानगी लागते. उंचीवर मर्यादा, समोर बोळ, प्लॉट अकराशे चौरस फुटांचा. बिल्डर येऊन बघून परत गेले होते. जे त्यांना अडचणीचं तेच आमच्या पथ्यावर पडलं, कारण आम्हाला मजले चढवायचेच नव्हते. बँकेला मात्र हेच खुपत होतं. उद्या हप्ते थकले तर हे घर घेणार कोण, असा त्यांचा रास्त प्रश्न.

कागदांचं काय सांगू. बँकेच्या यादीत पहिल्याच ओळीत ‘मंजूर नकाशा व भोगवटापत्र’. नकाशे मंजूर करून घ्यायची पद्धत रुजायच्या आधीचं घर, कुठून आणणार भोगवटापत्र? त्याऐवजी मिळकत पत्रिका, सिटी सर्व्हेचा नकाशा, महापालिकेचा कर आकारणीचा उतारा, जुन्या करपावत्या आणि इंजिनिअरचा दाखला असं बाड दिलं. शाखेतल्या मॅनेजरबाई कसब्यातल्याच निघाल्या, त्यांना वेगळं काही समजावावं लागलं नाही. वरच्या कार्यालयाला समजावायला मात्र त्यांनाच बरीच पत्रं लिहावी लागली.

मग आलं मोडी. बँकेच्या वकिलाने नेहमीप्रमाणे तीस वर्षांचा सर्च काढला, त्यात फक्त वारसनोंदी. घर विकलंच गेलं नव्हतं कधी. म्हणजे मालकीचं मूळ त्या एका जुन्या खरेदीखतात आणि ते सबंध मोडीत. वकीलसाहेब म्हणाले, लिप्यंतर करून आणा, सहीशिक्क्यानिशी. मोडी वाचणारी माणसं शोधायची तर पुण्यासारखं गाव नाही. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून उभं आहे, तिथल्या वर्गात मोडी शिकलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी तो कागद गुळगुळीत वाचून दाखवला. चतुःसीमांपैकी तीन अशा: पूर्वेस कासाराचे घर, पश्चिमेस बोळ, दक्षिणेस सार्वजनिक वाट. मापं हातांत आणि गजांत. वकिलाला हवे होते चौरस मीटर. शेवटी भूमापनाच्या नकाशाशी ताडून दोन्हींचा मेळ घालणारं एक प्रतिज्ञापत्र केलं. मी ते लिप्यंतर फ्रेम करून सोप्यात लावणार होते, पण मूळ कागदाबरोबर तेही बँकेच्या तिजोरीत गेलं.

विकणारे सहा जण. माडीवर राहणाऱ्या आजी, त्यांचे दोन दीर, सांगलीला दिलेली नणंद, एक पुतणी आणि न्यू जर्सीतला एक पुतण्या. नणंदबाईंची सही कशाला, लग्नात सगळं दिलंय, असं एका दिरांनी सुचवून पाहिलं. वकीलसाहेबांनी चष्मा काढून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क बाजूला ठेवून कोणती बँक कर्ज देईल? सांगलीच्या बाई स्वतः आल्या, सही करून चितळ्यांची बाकरवडी घेऊन परत गेल्या.

न्यू जर्सीवाल्याने मात्र माझी हिशेबनीस बुद्धी कामाला लावली. पन्नास लाख किंवा त्यावरचं घर घेताना खरेदीदाराने १ टक्का कर कापून सरकारात भरायचा असतो. विकणारे अनेक असले आणि प्रत्येकाचा वाटा पन्नासच्या आत असला तरी सुटका नाही, १ ऑक्टोबर २०२४ पासून एकूण रक्कमच धरतात. प्रत्येकाचा वाटा १६ लाख, म्हणजे पाच जणांचे १६-१६ हजार कापले, प्रत्येकाच्या पॅनवर वेगळा फॉर्म भरला. अनिवासी माणसाला हा एक टक्का लागूच नाही. त्याच्यासाठी मला वेगळा टॅन, म्हणजे कर कापून भरणाऱ्याचा क्रमांक, काढावा लागला आणि दीर्घकालीन भांडवली नफ्याच्या दराने, सेस धरून १३ टक्के, कापावे लागले. १६ लाखांवर २ लाख ८ हजार. कमी कपातीचं प्रमाणपत्र आयकर खात्याकडून आणलं असतं तर आकडा खाली आला असता, पण त्याला तेवढी सवड नव्हती. रात्री साडेदहाला फोन करून तो मला म्हणाला, ‘काकू, तुम्ही उगाच फार नियम पाळता.’ हे पैसे मी कापले नसते तर खात्याने ते माझ्याकडून वसूल केले असते, हे त्याला पटायला आणखी दोन फोन लागले.

खालच्या दोन खोल्यांत एक बुकबाइंडर काका भाडेकरू होते, महिना साठ रुपये भाड्याने. भाडेकरूसकट घर घ्यायला बँक तयार नव्हती. त्यांची भरपाई मालकांनी द्यायची ठरलं, पण मालकांकडे रोकड कुठे? ती आमच्या विसारातून गेली. भाडेहक्क सोडल्याचा दस्त नोंदवला आणि मगच साठेखत झालं. हे टोक बहुतेक जण व्यवहाराच्या शेवटी ठेवतात. माझं मत स्वच्छ आहे: पेठेतल्या घरात भाडेकरूचा हिशेब आधी मिटवावा, भाव नंतर बोलावा. त्या काकांचा संसार त्या घरात आमच्यापेक्षा पन्नास वर्षं जुना होता आणि त्यांना मिळालेली रक्कम मला जास्त वाटली नाही.

मुद्रांक शुल्क पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के, मेट्रोचा १ टक्का धरून. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर एक टक्का सवलत. नवऱ्याचं नाव जोडीला घातलं की सवलत गेली. घर माझ्या एकटीच्या नावावर केलं, कर्जात तो सहकर्जदार. ९६ हजार वाचले. सासूबाईंनी चहाचा कप खाली ठेवत ‘म्हणजे माझा मुलगा आता तुझ्याकडे राहणार तर’ एवढंच म्हटलं. शुल्क ५ लाख ७६ हजार, नोंदणी फी कमाल ३० हजार, वकील, मोडी, बँकेची प्रक्रिया फी वगैरे दीड लाख. खरेदी अशी साडेतीनने कोटी ओलांडून गेली. त्यातले ५४ बँकेचे, बाकीचे माझ्या नावावरचा धायरीचा फ्लॅट ५८ लाखांना विकून आलेल्यातले. फ्लॅटचा नफा या घरात घातल्यामुळे त्यावर कर लागला नाही.

दुरुस्तीला ३६ लाख लागले आणि तिथे खरी कसरत झाली. फ्लॅटचे उरलेले साडेआठ, नवऱ्याच्या पीएफमधून ९, एका सहकारी बँकेचं घरदुरुस्तीचं कर्ज १०, सोनेतारण ७ आणि राहिलेले बचतीतून. त्यात आम्ही नारायण पेठेत भाड्याने राहत होतो, म्हणजे भाडं आणि हप्ता दोन्ही चालू.

दुरुस्तीचं कर्ज एकरकमी मिळत नाही. अंदाजपत्रक द्यायचं, काम एका टप्प्यापर्यंत न्यायचं, बँकेचा इंजिनिअर येऊन बघणार, बिलं लावायची, मग पैसे. सिमेंटच्या कामाला ही पद्धत ठीक आहे. आमच्या अंदाजपत्रकात होतं ‘चुना विझवणे’, ‘घाणीवर चुना मळणे’, ‘विटकरीचा भुगा’, ‘गूळ व हिरड्याचे पाणी’. बँकेच्या इंजिनिअरने गुळावर बोट ठेवून विचारलं, ‘हे मजुरांच्या चहाचं का?’ चुना हळू घट्ट होतो, हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत शोषत. थर द्यायचा, ओला ठेवायचा, थांबायचं, मग दुसरा थर. थांबलेल्या आठवड्यात बँकेच्या लेखी काम झालेलं नसतं, पण गवंडी, सुतार, बिगारी यांचा पगार दर शनिवारी द्यावाच लागतो. शनिवार आणि बँकेचे पैसे यांचं कधी जुळलं नाही. ती फट सोन्याने बुजवली. ज्या घराची किंमत ठरवायला एका बँकेला अख्खा पावसाळा पुरला नाही, त्या घरासाठी माझ्या पाटल्या आणि गोठ दुसऱ्या बँकेने अर्ध्या तासात तोलले आणि पैसे खात्यात. सोन्याला ना मोडी, ना चतुःसीमा.

चुनाच का, सिमेंट का नाही, हेही विचारतात. पूर्वेची भिंत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुन्हा उभी केलेली होती, सिमेंटमध्ये. विटाही वेगळ्या. जुन्या भिंती ओल शोषतात आणि सोडतात. सिमेंटच्या गिलाव्यामुळे ती बाहेर पडेना, आणि त्या बाजूला भिंतीत शिरलेली तुळयांची टोकं नेमकी कुजलेली. बाकी तीन बाजूंची टोकं ठणठणीत. इंजिनिअरने गिलावा खरवडून दाखवलं तेव्हा स्वस्तातल्या कामाचा विषय आमच्या घरात संपला. चुन्याचं काम आम्हाला सिमेंटच्या जवळपास दुप्पट पडलं, तरी.

कुजलेली टोकं कापून नवा सांधा द्यायला तसंच जुनं, वाळलेलं सागवान हवं. ते मिळतं भवानी पेठेत, पाडलेल्या वाड्यांमधून आलेलं, घनफुटावर. पैसे रोख, पावती कच्ची. कच्ची पावती बँकेला चालत नाही. सुतारमामा एका वखारीत तुळईवर हात फिरवून ‘ही घ्या, हिला शंभर वर्षं काही होत नाही’ म्हणत होते आणि मी मालकाला जीएसटीचं बिल मागत होते. शेवटी बिल देणारा एक जण सापडला, घनफुटामागे भाव बराच चढा. नुसता रोखीचा भाव बघितला तर मी नुकसान केलं, पण त्या बिलावर कर्जाचा टप्पा सुटला.

पुरातत्त्वाची परवानगी आम्ही कामाच्या आधीच घेतली होती. राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे अर्ज, फोटो, मोजमापं, ‘उंची वाढवणार नाही’ हे पत्र. वेळ गेला, पण त्रास झाला नाही. ‘हेरिटेज आहे ना, मग अनुदान मिळालं असेल’ असं ऐकवणाऱ्यांसाठी: नाही. घर महापालिकेच्या वारसा यादीत नाही, आणि मला एक पैही कुणी दिलेली नाही.

आयकराबद्दल थोडं. जुन्या करप्रणालीत स्वतः राहत्या घराच्या खरेदीकर्जाचं वर्षाला २ लाखांपर्यंत व्याज वजा होतं. दुरुस्तीच्या कर्जाला मर्यादा ३० हजार, तीही त्या दोन लाखांच्या पोटातली. आमचं खरेदीचं व्याजच पहिल्या वर्षी साडेचार लाखांच्या वर, त्यामुळे ते ३० हजार नुसते नावाला. नव्या प्रणालीत राहत्या घराला हेही नाही. माझ्या पगाराला जुनी बरी पडते, नवऱ्याच्या पगाराला नवी. ज्याने त्याने आपलं मांडून बघावं, शेजाऱ्याचं उत्तर उतरवू नये.

एक अर्ज मात्र विसरू नका. स्वतः राहत असाल तर महापालिकेच्या मिळकतकरात ४० टक्के सवलत आहे, पीटी-३ फॉर्म भरून द्यावा लागतो. पूर्वी घरात भाडेकरू असेल तर आकारणी तशी झालेली असते, ती बदलून घ्यावी लागते. मी स्वतः पेठेच्या कार्यालयात जाऊन दिला, पोच घेतली.

आडाचं काम राहिलंय. आतली दगडी बांधणी एका बाजूने सुटली आहे आणि उतरून काम करणाऱ्याने तीन लाख सांगितलेत. आधी पाटल्या सोडवायच्या असं ठरलंय. तोवर आडावर लोखंडी जाळी आहे आणि तिच्यावर सासूबाईंचे कुरडयांचे ताट.